बिनखुणांची गिटार

९ जानेवारी

मामा,

फोन तू उचलत नाहीस आणि उचललास तर "सरस वाळतोय" म्हणून ठेवून देतोस, तेव्हा हे पत्र.

तुझ्या भाचीला पुतळ्याचं काम मिळालंय. पूर्ण उंचीचा, ब्राँझचा. आठ वर्षं मी शाळांच्या संस्थापकांची टकली घडवली आणि बागांसाठी बदकं. त्यात बदकं बरी. निदान त्यांचे नातू येऊन "आजोबांचं नाक जरा सरळ करा" म्हणत नव्हते. आता खरं काम आलंय, आणि तेही कुणाचं? तुमच्या गल्लीतल्या डरकाळ्याचं! तू घडवलेल्या गिटारीवर ज्याने अख्खं शहर नाचवलं आणि ज्याला जाऊन यंदा अकरा वर्षं होतील, तोच.

काम देणारी तुमची गल्ली वारसा समिती. अध्यक्ष बाथरूमच्या टाइल्स विकतात. त्यांनी डरकाळ्याचं एकही गाणं पुरतं ऐकलेलं नाही, पण त्याला "रॉकसम्राट" म्हणताना हात छातीवर ठेवतात. त्यांना पुतळा हवेत हवाय. दोन्ही पाय अधांतरी, केस उडालेले, तोंड उघडं. मी विचारलं, "मग तो उभा कशावर राहणार?" म्हणाले, "ते तुमचं खातं."

फोटो दिलेत वीस. सगळ्यांत धूर आणि केस, हात एकातही धड दिसत नाहीत. म्हणून तुला विचारतेय. वाजवताना तो उभा कसा राहायचा, बघायचा कुठे? गिटारीची मापंही पाठव. मातीचा नमुना फेब्रुवारीअखेर दाखवायचाय. नापास झाला तर काम घोड्यांचे पुतळे करणाऱ्या त्या घोडेवाल्याला जाणार. तो घोडे उधळवतो, त्याला सगळं अधांतरी जमतं. मला नंतर पुन्हा बदकंच.

तुझी भाची


१७ जानेवारी

चिखलबाई,

अभिनंदन. पुतळा म्हणजे कबुतरांची सोय, पण बदकांपेक्षा मोठा असतो हे खरं.

आमच्या वारशाचं सांगतो. या गल्लीत वाद्यांची अकरा दुकानं होती. आता तीन उरलीत, बाकी ठिकाणी कॉफी आणि टोप्या मिळतात. दुकानं होती तेव्हा कुणी कुत्रं फिरकलं नाही. ती बंद झाल्यावर दोन्ही टोकांना पाट्या लागल्या, "सुरांची गल्ली". फुटपाथवर स्वरलिपी रंगवलीय. तिला पाच रेघा लागतात, यांनी चारच काढल्या, कारण पाचवी गटाराच्या झाकणावर येत होती. आणि वर माणसं तिथे उभी राहून फोटो काढतात. आणि पुतळ्याची फुली कुठे मारलीय? बरोबर माझ्या दारासमोर. जिवंतपणी याने माझं डोकं खाल्लं ते कमीच पडलं म्हणायचं.

सतरा वर्षांचा होता तेव्हा आला. चार महिने खपून मी त्याला गिटार करून दिली. पुढे बावीस वर्षं दर महिन्याला यायचा. माझ्या बाकावर बसायचा, माझा चहा प्यायचा आणि माझ्या कानसा उचलून वाजतात का बघायचा. गाणी काय, तीन सूर आणि चौथ्याची आशा. लोक वेडे होते. मग मोठा माणूस झाला आणि एक दिवस यायचा बंद झाला. मीही बोलवायला गेलो नाही. माझं काही अडलं नव्हतं.

आता कामाचं. तो खाली बघून वाजवायचा. मान खाली, डोळे डाव्या हाताच्या बोटांवर. उड्या फोटोपुरत्या होत्या. मंचावरच्या शेवटच्या दिवसांत तर बोटांवरून नजर हलतच नव्हती, मी कार्यक्रमाला मागे उभा राहून पाहिलंय. तसाच घडव, एक इंचही वर बघायला लावू नकोस.

गिटारीचा आराखडा सोबत आहे. मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना आम्ही पडदे म्हणतो, ते मोजून एकवीस. इतर गिटारींच्या मानेला वरच्या कडेवर पांढरे ठिपके असतात, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या, बाराव्या पडद्यापाशी. बोट कुठे पडतंय ते वाजवणाऱ्याला वरून दिसावं म्हणून. तसल्या खुणा काढू नकोस. आपल्या दुकानच्या गिटारीला त्या नसतात. तुझ्या आजोबांचा नियम आहे, ज्याला खाली बघावं लागतं तो अजून शिकतोय.

मामा


२७ फेब्रुवारी

मामा,

नमुना पास झाला! पण माझं रक्त आटलं.

समितीचे सात जण मातीच्या पुतळ्याभोवती फिरले, जशी माणसं जुनी गाडी घेताना फिरतात. अध्यक्ष म्हणाले, "याचं काही हरवलंय का?" दुसरे म्हणाले की मान खाली असली की लोकांना वाटेल याला कर्ज झालंय. तिसऱ्या बाईंनी सुचवलं, डोकं फिरतं ठेवता येईल का, म्हणजे समारंभाला वर करता येईल! मी हात धुतले आणि सांगितलं, "ज्याने याची गिटार केली, जो बावीस वर्षं याला ओळखत होता, तो माझा सख्खा मामा. त्याने सांगितलंय की हा असाच वाजवायचा. तुम्हाला उडणारा माणूस हवा असेल तर घोडेवाल्याला बोलवा, मी चालले." मग अध्यक्षांनी छातीवर हात ठेवून जाहीर केलं की ही मुद्रा "चिंतनशील" आहे. तेव्हा बाकीच्यांनाही ती आवडायला लागली.

मलाही ती मनापासून आवडलीय. ती मान वाकवताना हाताखाली काहीतरी खरं येत होतं. तू लिहिलंस की खाली बघतो तो नवशिका. मला त्यात नवशिका दिसला नाही, रस्ता शोधणारा माणूस दिसला. मी काम करताना अशीच बघते.

एक विचारायचं होतं. समितीत त्याच्या बँडमधला जुना बासवाला आहे, आता ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. नमुना बघून तो कपात तोंड घालून फिसकन हसला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "खुणांवाला!" मी विचारलं तर म्हणे, तुमच्या मामांनाच विचारा. काय आहे ते?

तुझी भाची


६ मार्च

चिखलबाई,

बासवाल्याला सुरात वाजवता येत नव्हतं, गाडी शिकवता येते का देव जाणे. त्याच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. गल्लीतली जुनी थट्टा आहे, तुला सांगून कळायची नाही.

आराखड्यात घोडी, म्हणजे ज्यावर तारा टेकतात ती, दोन मिलिमीटर डावीकडे दाखवलीय, ती सरकव. ओतकाम कधी आहे? एकदा ब्राँझ ओतलं की काही बदलत नाही ना? कळव.

मामा


४ मे

मामा,

ओतकाम झालं. आता काही बदलत नाही. तुला हेच ऐकायचं होतं ना?

मंगळवारी डरकाळ्याची बहीण ओतशाळेत आली. शाळेचे गणवेश शिवते, गळ्यात टेप तशीच होती. पुतळा आडवा ठेवला होता, कामगार कानस मारत होते. तिने त्यांना थांबायला सांगितलं आणि डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवरून अंगठा फिरवला. एकेका बोटावरून.

म्हणाली, "तो खाली बघायचा हे तुम्हाला कुणी सांगितलं? आम्ही घरातल्यांनीच काय ते पाहिलं होतं."

"माझ्या मामाने. गिटारवाल्याने."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "त्यांना ठाऊक होतं? मग त्यांनी त्याला तसाच परत का पाठवला हो?"

मला काहीच ठाऊक नव्हतं. मग तिने सांगितलं ते तुला सांगते. साखरेच्या आजाराने आधी त्याच्या पायाची बोटं बधिर झाली, मग डाव्या हाताची. तार बोटाखाली आहे की नाही ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. मंचावर अंधार असला की हात चाचपडायचा. बँडला सांगितलं नाही, ते दुसरा गडी बघतील म्हणून. घरचे आणि डॉक्टर सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. एक दिवस तिला म्हणाला, "गिटारवाल्याला सांगतो. तो मानेवर पाच खुणा बसवेल आणि कुणाला बोलणार नाही." केस विंचरून गेला. अर्ध्या तासात गिटार तशीच घेऊन परत. काय झालं ते सांगितलं नाही. तिच्याकडे जखमेला लावायची चिकटपट्टी मागितली आणि नखं कापायची कात्री.

मी तिच्या घरी जाऊन गिटार बघितली. तू केलेली. मानेच्या कडेवर पाच पांढरे तुकडे, मळलेले, एक निम्मा सुटलेला. पुढे तीन वर्षं, मरेपर्यंत, तो रोज संध्याकाळी खिडकीपाशी बसून त्या तुकड्यांकडे बघत वाजवायचा. मंचावर पुन्हा गेला नाही.

तू मला त्याची मान खाली करायला सांगितलीस. मी तुझ्या शब्दावर सात माणसांशी भांडले. आता तू सांग, काय केलंस तेव्हा? आणि जानेवारीत माझ्या हातून काय करवून घेत होतास? सरस वाळतोय म्हणू नकोस.

भाची


१५ मे

बाळ,

चार पत्रं फाडली. हे पाठवतो.

तेव्हा दुकानात सहा माणसं होती, बासवाला तारा घ्यायला आलेला. डरकाळ्या आत आला, गिटार फळीवर ठेवली आणि माझ्याजवळ सरकून हळू म्हणाला, "मानेवर कडेला खुणा बसवून दे ना. बारीकच." केस विंचरलेले होते, आता आठवतं. मला वाटलं, प्रसिद्धी अंगात मुरलीय, सराव सोडलाय, आता बोटंही विसरला. मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बावीस वर्षांनी? समोरच्या दुकानात शाळेच्या गिटारी मिळतात बघ, ठिपकेवाल्या. सोबत चित्रांचं पुस्तकही देतात." सगळे हसले. तोही हसला. मी आणखी चेव येऊन म्हणालो, "खेळण्याला काय हात लावायचा, आमचं वाद्यांचं दुकान आहे." तो हसतच गिटार पिशवीत घालत होता. पिशवीची चेन त्याला लागत नव्हती. मी बघत होतो आणि मला वाटलं, प्यालाय.

"खुणांवाला" हे नाव बासवाल्याने पाडलं. आठवड्यात गल्लीभर झालं. मी ऐकायचो आणि मिशीत हसायचो. तो आला नाही तेव्हा मला वाटलं, माज आलाय, येईल आपणहून माफी मागायला. मी त्याच्या माफीची वाट बघत होतो! तो गेला तेव्हा दुकान उघडं ठेवलं आणि एका सतारीला पॉलिश केलं.

मग जानेवारीत तुझं पत्र आलं. मनात म्हटलं, बरं झालं. आता ब्राँझमध्ये कायमचा खाली बघत उभा राहील, जाणकार येता-जाता हसतील. तुझं नाव खराब झालं असतं हे माझ्या मनातही आलं नाही. मी तुला खोटं एक अक्षर सांगितलं नाही. खरं सांगूनही माणूस इतका हलकट असू शकतो हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं.

आणि तो नियम. तोही सांगून टाकतो, आता काय लपवायचं? खुणा बसवायच्या तर शिंपल्याचे बारीक गोल ठिपके कापावे लागतात, मानेला भोकं पाडावी लागतात. तुझ्या आजोबांना ते जमायचं नाही. तीन गिटारींच्या माना चिरल्यावर त्यांनी नियम काढला. मी तेव्हा दहा वर्षांचा, तुकडे मीच उचललेत. ज्या गोष्टीचा तोरा मी जन्मभर मिरवला, ती म्हणजे माझ्या बापाचा न जमलेला एक हात. मला जमतं. मी कुणाला सांगितलं नाही एवढंच.

तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस.

मामा


२३ जून

मामा,

उद्घाटनाला तू शटर खाली ओढून बसलास. फटीतून तुझा चष्मा चमकत होता, मला दिसला. मी शटर वाजवलं नाही, कारण काय बोलायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तुझं फार काही हुकलं नाही. अध्यक्षांनी अर्धा तास भाषण केलं, त्यात डरकाळ्या चार मिनिटं आणि फरशांच्या दर्जाबद्दल नऊ. चादर ओढली तर ती गिटारीच्या खुंट्यांत अडकली, दोघांनी शिडी आणून सोडवली. लाउडस्पीकरवर दुसऱ्याच कुणाचं तरी गाणं लागलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही, टाळ्या पडल्या.

बासवाला माझ्याजवळ येऊन म्हणाला, "अगदी हुबेहूब, खुणां..." डरकाळ्याची बहीण मागेच उभी होती. तिने शांतपणे विचारलं, "काय म्हणालात?" त्याने पायांतल्या बुटांकडे बघितलं ते बघतच राहिला. तो आता चांगला खाली बघायला शिकलाय.

ती बराच वेळ पुतळ्यापाशी होती. जाताना तुझ्या शटरकडे एकदा बघितलं. रागाने नाही. त्यापेक्षा रागाने बघितलं असतं तर तुला सोपं गेलं असतं.

पुतळा तुझ्या दारासमोर आहे. बघ आता.

भाची


१९ जुलै

बाळ,

बघितलं. सव्वीस दिवस.

सकाळी शटर उघडलं की तो समोर. मान खाली, डोळे गिटारीच्या मानेवर, आणि मानेवर काही नाही. माझा आराखडा, खुणा काढू नकोस म्हणून मीच बजावलेलं. तू त्याचे डोळे इतके खरे केलेस की तो काहीतरी शोधतोय हे रस्त्यावरच्या माणसालाही कळतं. येणारे विचारतात, "हा काय बघतोय हो?" पहिले काही दिवस मी "तारा" म्हणून सांगितलं. मग दाराकडे पाठ करून बसायला लागलो. मग लाज वाटली.

काल सकाळी अकराला स्टूल घेतलं, हातड्रिल, तेलाची बाटली आणि चिमटा. शिंपल्याचे पाच ठिपके आदल्या दिवशी कापून ठेवले होते, अडीच मिलिमीटरचे. तुझं ब्राँझ भलतंच कडक आहे, ड्रिलच्या दोन काड्या मोडल्या. समोर कॉफी पिणाऱ्यांनी फोटो काढले. एका बाईने विचारलं, "पालिकेकडून आलात का?" मी "हो" म्हणालो. ती म्हणाली, "मग फुटपाथवरची चौकोनी भोकंही बुजवा." तिचं बरोबर होतं.

तिसरी, पाचवी, सातवी, नववी, बारावी. सातवी केसभर वर बसलीय. नेम चुकला. वयामुळे असं लिहितो.

काम करताना माझं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर होतं. इतक्या जवळून मी त्याच्याकडे त्या दिवशी बघायला हवं होतं. बघितलं असतं तर कळलं असतं की प्यालेला नाही, घाबरलाय. मी त्याला मोठ्याने म्हटलं, "बसवल्या रे. बारीकच आहेत." लोक बघत होते. बघू देत.

तुझ्या कामाला तुला न विचारता हात लावला. हवं तर उपटून टाक. त्याच्या बहिणीकडे जायची माझी छाती नाही. तू सांगशील का तिला?

मामा


२ ऑगस्ट

मामा,

तुझ्या आधी अध्यक्षांचंच पत्र आलं. "अज्ञात समाजकंटकाने" पुतळ्याला पाच ठिकाणी इजा केली असून त्यात पांढरा पदार्थ भरला आहे, तरी शिल्पकाराने तातडीने येऊन पुतळा पूर्ववत करावा. समाजकंटक! तुला जन्मात मिळालेली ही पहिली पदवी, फ्रेम करून लाव.

काल मी त्याच्या बहिणीला घेऊन आले होते. तू मागे सरस ढवळत होतास, मुद्दाम हाक मारली नाही. तिने चष्मा लावून पाचही खुणा बघितल्या, नखाने दाबून बघितल्या. मग म्हणाली, "तिसरी घट्ट बसलीय ना? त्याची चिकटपट्टी तिथलीच सुटायची." मी म्हटलं, मामाच्या हातची आहे, सुटायची नाही. ती गुरुवारी दुकानात येणार आहे, खरी गिटार घेऊन. त्या पट्ट्या काढून नीट खुणा बसवून हव्या आहेत तिला. दुकानात गर्दी असली तरी चालेल म्हणाली. शटर उघडं ठेव आणि मिशीबिशी नीट विंचर.

मी अजून रागावलेलीच आहे. पण येईन.

अध्यक्षांना उत्तर पाठवलं. लिहिलं की त्या खुणा पुतळ्याचाच भाग आहेत, फक्त बसवणाऱ्या कारागिराला यायला उशीर झाला. किती उशीर, ते लिहिलं नाही.

तुझी भाची